साठ हशांचा करार

रविवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी प्रेक्षागृहातील दिवे मालवले. त्या क्षणी दोनशे बारा खुर्च्यांपैकी एकशे चौऱ्याऐंशी भरलेल्या होत्या आणि माझ्या उजव्या मुठीतील गणकावर चार शून्ये होती. गणक म्हणजे अंगठ्याने दाबायची एक पोलादी डबी. एकदा दाबली की आकडा एकने पुढे सरकतो. निवृत्तीच्या दिवशी इतरांनी भिंतीवरचे घड्याळ घेतले, मी हा गणक मागून घेतला होता. त्यावर मी चौतीस वर्षे पंपांच्या झडपा मोजल्या. आज हशे मोजायचे होते.

चित्रपट माझ्या जावयाचा होता. आमच्या पिढीतील लोक ज्याला नुसते ‘दोरवाला सिनेमा’ म्हणतात, त्या जुन्या चित्रपटाची ही नवी, विनोदी आवृत्ती. मूळ चित्रपटात पंपांच्या कारखान्यातील आठ कामगार रस्सीखेचीच्या स्पर्धेत उतरतात, एवढीच गोष्ट आहे. तो चित्रित झाला आमच्याच कारखान्यात, १९७९ साली. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी नुकताच तपासणी विभागात लागलो होतो. दोराच्या मध्यावर लाल फीत बांधण्याचे आणि जमिनीवर चुन्याच्या रेषा आखण्याचे काम माझ्याकडे आले. संघातले आठही जण खरे कामगार होते. समोरचा संघ गोदीतल्या खऱ्या हमालांचा. कथेप्रमाणे आमचा संघ जिंकायचा होता आणि हमालांना तसे तीन वेळा बजावलेही होते. परंतु हातात दोर आल्यावर ते सारे विसरले. आमचेही विसरले. सहा मिनिटे चाळीस सेकंद कॅमेरा न थांबता चालला आणि आमचा संघ चार इंचांनी हरला. ते चार इंच मी पट्टीने मोजले. दिग्दर्शकाने कथा बदलली, दोर बदलला नाही. चित्रपट अजरामर झाला तो त्या चार इंचांमुळे, असे माझे आजही मत आहे.

आता कराराविषयी. जावईबापूंचे निर्माते फरश्यांचे कारखानदार. जावईबापू आधी त्यांच्याच फरश्यांच्या जाहिराती करत. त्यांत एक मनुष्य दुसऱ्याच्या फरशीवर घसरून पडे आणि यांच्या फरशीवर उभा राही. अशा एकवीस जाहिराती केल्यावर निर्मात्यांनी चित्रपटाला पैसे दिले, परंतु विनोदीच हवा या अटीवर. चार वर्षे काम चालले. तयार चित्रपट निर्मात्यांनी आपल्या कचेरीत एकट्याने पाहिला आणि ते एकदाही हसले नाहीत. मात्र मनुष्य न्यायी. ते म्हणाले, “मी स्वतःच्या लग्नातही हसलो नव्हतो, माझ्यावर जाऊ नका. लोकांना दाखवू. एकशे वीस मिनिटांचा सिनेमा आहे. दोन मिनिटाला एक, असे साठ हशे पडले तर थिएटरात लावतो. नाही पडले, तर कपाटात. आणि तुम्ही परत जाहिरातींत.”

मोजणारा म्हणून माझे नाव त्यांनीच सुचवले. कारखान्याच्या उपाहारगृहासाठी आलेला त्यांच्या फरश्यांचा अख्खा ट्रक मी एकदा दोन मिलिमीटरसाठी परत पाठवला होता. “ज्यानं माझा ट्रक सोडला नाही, तो जावयाला काय सोडणार!” असे ते म्हणाले. हा मी माझा गौरव समजतो.

नियम मी लिहून काढले आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या. हशा म्हणजे किमान पाच माणसांनी मिळून किमान दोन सेकंद हसणे. दिग्दर्शकाचे वा निर्मात्याचे नातेवाईक धरायचे नाहीत. मोजणाऱ्याने हसायचे नाही. मोजणी दिवे मालवल्यापासून शेवटचा प्रेक्षक प्रेक्षागृहाबाहेर पडेपर्यंत. हे नियम लिहिताना मी एक रकाना विसरलो, हे पुढे कळेल. अशी चूक माझ्या हातून आयुष्यात दुसऱ्यांदा झाली. पहिली कोणती ते आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक आहे.

सकाळी निघताना मुलगी मला दारात आडवी आली.

“बाबा, अंगठा जरा सैल ठेवा ना.”

“सैल अंगठ्यानं मोजमाप होत नाही.”

“मग जावई आयुष्यभर फरशीवर घसरताना बघा.”

“तो घसरत नाही. तो घसरणारी माणसं दाखवतो.”

“या वेळी तोच घसरेल, बाबा. तुमच्या समोर,” असे म्हणून ती आत गेली आणि माझी छत्री तिने मुद्दाम दिली नाही. तसे पावसाचे चिन्ह नव्हते, तरी मला ते लागले.

दोन्ही पक्षांचे नातेवाईक सत्तावीस निघाले. त्यांना मी पहिल्या दोन रांगांत बसवले, जेणेकरून तिकडून येणारा आवाज वजा करणे सोपे जावे. ही दक्षता योग्य ठरली, कारण विहीणबाई नामावलीपासूनच हसू लागल्या. चिरंजीवांचे नाव पडद्यावर येताच तर त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. नोंद : शून्य.

मी शेवटच्या रांगेत होतो. डावीकडे सौभाग्यवती. त्यांचे स्थान नियमाप्रमाणे पुढे होते, परंतु त्या म्हणाल्या, “मी इथेच बसणार. हसणार नाही, काळजी करू नका.” हा शब्द त्यांनी विनासायास पाळला. उजवीकडे, वाटेलगतच्या खुर्चीत खुंटा.

खुंटा म्हणजे रस्सीखेचीतला शेवटचा गडी. दोराचे टोक त्याच्या बगलेखालून पाठीवर फिरवलेले असते आणि संघाचे सारे ओझे त्याच्या टाचांवर येते. मूळ चित्रपटात हे काम वितळलेले लोखंड साच्यात ओतणाऱ्या आमच्या ओतशाळेतल्या एका ओतकाऱ्याने केले होते आणि तेव्हापासून सारे जग त्याला खुंटाच म्हणते. आज वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, कानात यंत्र. जावईबापूंनी त्याला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावले होते. तो मला ‘पट्टी’ म्हणतो, मी त्याला ‘दादा’.

पहिला हशा अकराव्या मिनिटाला पडला. पडद्यावर कारखान्याचा भोंगा वाजण्याऐवजी शिंकला. मी कान टवकारले. पंपाच्या घरघरीतून कोणते बेअरिंग गेले आहे ते ओळखण्याची मला सवय. पाच माणसे हसली की सहा, हे त्यामानाने सोपे. सहा होती. टिक्.

त्यानंतर बराच वेळ अंगठ्याला काम नव्हते. नव्या चित्रपटातले आठ कामगार सतत पडत होते. पायऱ्यांवरून, सायकलवरून, एकमेकांवरून. जावईबापूंचा जाहिरातींतला अनुभव वाया गेला नव्हता, एवढेच म्हणता येईल. मग खुंट्याचे पात्र आले. ढेरपोट्या, दर प्रसंगात काही ना काही खाणारा, आणि दोर दिसला की झोपी जाणारा.

खऱ्या खुंट्याने माझ्या कानाशी तोंड आणून अगदी हळू विचारले, “पट्टी, हा कोण?”

“तुम्ही, दादा.”

त्याने मान पुढे काढून ते पोट निरखले. “मी खात काय होतो तेव्हा?”

“डबा. दुपारी एकदा.”

“मग याला कुणीतरी सांगा, सुट्टी संपली म्हणून.”

मला हसू आले होते, परंतु मोजणाऱ्याने हसायचे नाही हा नियम माझाच. मी झडपांचे माप आठवले आणि वेळ निभावली.

मध्यंतरात गणकावर चौदा होते. जावईबापू बाहेरच्या दालनात एका खांबाला टेकून उभे होते. हातातला चहा निवून त्यावर साय आली होती. त्यांनी मला आकडा विचारला नाही. मी सांगू शकत नाही हे त्यांना ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, “बाबा, जुना सिनेमा मी चाळीस वेळा पाहिलाय. मला तो तसाच करायचा होता.”

“मग केला का नाही?”

“तसाच केला असता तर कुणी करू दिला असता का?” ते म्हणाले. “वाटलं, हसत हसत का होईना, लोक त्या दोरापर्यंत तरी येतील.”

मी त्यांच्या चहावरची साय चमच्याने काढून दिली.

परत येऊन बसलो तेव्हा खुंट्याने कानातले यंत्र काढून खिशात टाकले. “काय ढणढण लावलीय! कान किटले. नुसतं बघतो आता,” असे तो म्हणाला. येथेच दिवसाचे वळण होते, आणि ते मला त्या वेळी कळले नाही. कानात यंत्र असताना खुंटा कुजबुजत असे. यंत्र नसताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना, आणि आपण अजूनही कुजबुजतोच आहोत अशी त्याची समजूत कायम राहिली.

मध्यंतरानंतर सरावाचा प्रसंग होता. पडद्यावरच्या आठ जणांनी दोर उचलला.

“पट्टी!” ओतशाळेत भट्टीच्या घोंघाटावर चढवायचा आवाज प्रेक्षागृहभर घुमला. “हे दोर ओढतायत का वाळत घालतायत?”

आम्ही तिघे सोडून एकशे एक्याऐंशी माथी मागे वळली. मग हशा पडला. पाच नव्हे, पन्नासांचा. सहा सेकंद.

माझा अंगठा गणकावर अधांतरी राहिला. हा हशा होता यात शंका नव्हती. पण तो चित्रपटाचा होता का? मी खिशातून नियमांचा कागद काढून पडद्याच्या उजेडात वाचला. किती माणसे, किती वेळ, कोण धरायचे, कोण नाही, केव्हापासून, कुठवर, सारे होते. हसण्याचे कारण, हा रकाना नव्हता. जे विनिर्देशात, म्हणजे लेखी अटींत, नाही ते तपासण्याचा तपासनिसाला अधिकार नाही. टिक्. पंधरा. मात्र सचोटी म्हणून मी डाव्या हाताने वहीत दोन स्तंभ आखले : ‘चित्रपट’ आणि ‘दादा’.

पुढच्या पाऊण तासात दादांचा स्तंभ पानाच्या तळाशी पोहोचला.

“अरे टाच रोव, टाच! नाचतोस काय लग्नातल्यासारखा!” टिक्.

“हे बघ, हा दोर बगलेत धरलाय का थर्मामीटर?” टिक्.

ढेरपोट्या पात्राने दोर सोडून तोंडात काहीतरी टाकले, तेव्हा दादा माझ्याकडे वळून अत्यंत खासगी स्वरात गरजले, “पट्टी, मी एवढा खात असतो तर हमालांनी दोर ओढलाच नसता. मला बघून आधी पोट धरलं असतं!” टिक्.

प्रेक्षागृहाचा रखवालदार बॅटरी घेऊन दादांना गप्प करायला आला. तोच पुढच्या रांगेतून माझी मुलगी उठून वाटेत उभी राहिली. “आजोबांना काही म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “पाहुणे आहेत ते.”

“बाई, लोकांना सिनेमा ऐकू येत नाहीये!”

“कुणी तक्रार केली?”

रखवालदाराने बॅटरी रांगांवरून फिरवली. तक्रार कोणाचीच नव्हती. काही जण तर खुर्चीत उलटे बसून, पाठ पडद्याकडे करून ऐकत होते. रखवालदार स्वतः मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

मी दादांना कोपराने खुणावू शकलो असतो. ‘यंत्र कानात घाला’ असे लिहून दाखवू शकलो असतो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “प्रयोग चालू असताना उपकरणाला हात लावत नाहीत.” त्या म्हणाल्या, “हो ना. तत्त्वाचा प्रश्न आहे,” आणि पदर तोंडाला लावला.

शेवटी अंतिम सामना आला. मूळ चित्रपटात तो सहा मिनिटे चाळीस सेकंद एकसंध होता. येथे अडीच मिनिटांत चित्र सेहेचाळीस वेळा बदलले. दोराला तेल लागलेले, समोरच्या कप्तानाला शिंका आलेल्या, आणि ऐन वेळी कोठून तरी एक कुत्रा धावत येऊन आमच्या संघाच्या मागे दोराचे टोक दातांत धरून ओढू लागला. कुत्र्यामुळे आमचा संघ जिंकला. दादा त्या वेळी एक अक्षर बोलले नाहीत. पडद्यावर दोर येताच त्यांच्या दोन्ही टाचा समोरच्या खुर्चीखालच्या आडव्या दांड्याला लागल्या आणि पाठ मागे गेली. चित्र संपेपर्यंत ते तसेच होते. खुर्ची करकरली. अंतिम सामन्यात नोंद झालेले हशे : शून्य.

दिवे लागले तेव्हा १२ वाजून ५० मिनिटे झाली होती. लोक बाहेर पडू लागले. जाताना अनेक जण दादांना नमस्कार करून गेले. दादांना कारण कळले नाही, पण ते प्रत्येकाला हात उंचावत होते. गुडघे आखडल्यामुळे त्यांना खुर्चीतून उठायला वेळ लागणार होता, म्हणून आम्ही थांबलो. नातेवाईक बाहेर गेले. आत राहिलो मी, सौभाग्यवती, मुलगी, जावई, दादा, निर्माते आणि त्यांचे चिटणीस. झाडणाऱ्या बाई केरसुणी घेऊन आल्या होत्या आणि प्रक्षेपण करणारा गृहस्थ आपल्या खिडकीतून खाली पाहत होता.

“किती?” निर्मात्यांनी विचारले.

“एकोणसाठ.”

मुलीने डोळे मिटून घेतले.

“त्यांतले सिनेमाचे किती?”

“तेवीस. छत्तीस या पाहुण्यांमुळे.”

“मग ते कसे धरले?”

“कारण विचारावं, असं नियमांत नाही.”

“नियम कुणी लिहिले?”

“मी.”

“म्हणजे चूक तुमची.”

“पूर्णपणे. सही मात्र तुमचीही आहे.”

निर्मात्यांनी कागद मागून घेतला, सही पाहिली आणि परत दिला. “मी कागद मानतो,” ते म्हणाले. “धरले छत्तीस. पण मग कागद म्हणजे कागद. साठ म्हणजे साठ. तुम्ही माझा ट्रक दोन मिलिमीटरला परत पाठवला होता.”

“पाठवला होता.”

“मग?”

“मग एकोणसाठ,” मी म्हणालो.

“बाबा!” मुलगी पुढे आली. “एक! अहो, एखादा तुमच्या कानातून निसटला असेल. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक!”

एक दाबायला बळ लागत नाही. स्प्रिंग जुनी आहे. नुसता श्वास सोडला तरी अंगठा खाली जाईल अशी. मी गणक डाव्या हातात घेतला, कारण उजव्याचा भरवसा वाटेना.

तेव्हा जावईबापू बोलले. आवाज फार बारीक होता. “राहू दे गं. बाबांनी एकोणसाठ म्हटलं, म्हणजे एकोणसाठ आहेत.” मग निर्मात्यांकडे वळून म्हणाले, “उद्याच येतो कचेरीत. बाविसावी जाहिरात कुठली, बाथरूमची का?”

दादा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांना काहीच ऐकू आले नव्हते. त्यांनी माझी बाही ओढली. “पट्टी, काय झालं? कुणाचं काय गेलं?”

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले : ६० हवे होते. ५९ झाले. एकने हरलो.

दादांनी ते दोनदा वाचले. मग मान हलवत, आपल्या मते केवळ मलाच ऐकू जाईल अशा बेताने, ते ओरडले :

“परत हरलो? अरे, या वेळी तर कुत्रा आपल्या बाजूला होता!”

प्रथम निर्माते हसले. जो मनुष्य स्वतःच्या लग्नात हसला नव्हता, तो एका खुर्चीची पाठ धरून वाकला. त्यांना पाहून चिटणीस हसले, मग झाडणाऱ्या बाई केरसुणीवर हनुवटी टेकवून, मग वर खिडकीतला गृहस्थ. सारे हसतात हे पाहून, काय झाले ते न कळताच, दादाही गदगदून हसू लागले.

मी घड्याळ पाहिले. नऊ सेकंद. माणसे मोजली. मुलगी, जावई आणि सौभाग्यवती नियमाने बाद. चिटणीस एक. बाई दोन. खिडकीतले गृहस्थ तीन. दादा चार, हसवणाऱ्याने स्वतः हसू नये असा नियम नव्हता. राहता राहिले निर्माते. निर्मात्याचे नातेवाईक धरायचे नव्हते, परंतु ते निर्मात्याचे नातेवाईक नव्हते. ते निर्माते होते. पाच. आणि शेवटचा प्रेक्षक अद्याप खुर्चीतून उठायचा होता.

मी गणक पुन्हा उजव्या हातात घेतला आणि सर्वांसमक्ष, हात उंच धरून, दाबला. टिक्.

निर्मात्यांनी डोळे पुसले. गणक जवळ घेऊन वाचला. मग कागदातला मोजणीच्या मुदतीचा नियम बोट ठेवून वाचला. दादांकडे पाहिले, ते अजून बसलेलेच होते.

“तुम्ही तो ट्रक खरंच मोजून परत पाठवला होता का हो?” त्यांनी विचारले.

“प्रत्येक फरशी.”

“कागद म्हणजे कागद,” ते म्हणाले, आणि जावईबापूंच्या पाठीवर थाप मारून बाहेर पडले. मुलीने मला मिठी मारली. छत्रीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

चित्रपट शुक्रवार, दिनांक ६ डिसेंबर रोजी एका थिएटरात, दुपारी ३ च्या खेळाला लागला. वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन ‘निराशाजनक’ असे केले आणि मूळ चित्रपटाशी तुलना केली, ती योग्यच होती. माझ्या मोजणीनुसार चित्रपटाचे स्वतःचे हशे पुढेही तेवीसच्या वर कधी गेले नाहीत. मात्र दादांनी पहिल्या दिवसापासून वाटेलगतची तीच खुर्ची धरली. यंत्र खिशात ठेवून ते रोज मला खासगीत सारे समजावून सांगत आणि तिकिटांच्या खिडकीवर लोक विचारत, “आजोबा आहेत ना आज?” अंतिम सामन्याच्या वेळी ते रोज गप्प होत आणि टाचा दांड्याला लावत. चौथ्या दिवसापासून तेवढी अडीच मिनिटे सारे थिएटर गप्प राहू लागले. काही जण टाचा रोवून बसलेले मी पाहिले. त्या दिवशी जावईबापू मागे उभे होते आणि ते पडद्याकडे पाहत नव्हते.

सतराव्या तारखेला सकाळी दादांचा घसा बसला. दुपारी चित्रपटही उतरला.

एकूण चाललेले दिवस : ११.